मोठ्या माणसांसाठी रचना निवडताना

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क माझ्याकडे अजून शिल्लक आहे की नाही, कोण जाणे. पियानोच्या गोल स्टुलावर बसून गरगर फिरायचीस म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. फोनवर मी तुला तुझ्या खऱ्या नावानेच हाक मारते, कारण तिथे आपण हवापाण्याचं बोलतो आणि ‘बरं, ठेवते’ म्हणतो. पत्रात मात्र जीभ सैल सुटते. वाचून संपव, एवढीच विनंती. राग आलाच तर मध्ये थांब, पण फेकून देऊ नकोस.

तुला माहीत नसेल, मी मुलांना शिकवणं सोडलं त्याला आता नऊ वर्षं झाली. फक्त मोठ्यांना शिकवते. मंगळवारी आणि शनिवारी पुढची खोली गजबजलेली असते. एक दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात सुया घालताना तिचा हात हलत नाही, पण पट्ट्यांवर ठेवला की थरथरायला लागतो. एक नर्स आहे, ड्यूटी संपवून येते आणि पहिली दहा मिनिटं नुसतीच बसून राहते. मी तिला बसू देते. पूर्वीची मी असते तर घड्याळ दाखवलं असतं.

वर्षातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही कार्यक्रम करतो. कोणी कोणती रचना वाजवायची, हे ठरवण्यात माझा महिना जातो. मुलांचं सोपं असतं, मुलं पडली तरी उठून पळतात. मोठ्या माणसाला पडायची भीती फार. म्हणून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वीच हातात बसलेली रचना घ्यायची, नवी नाही. सुरुवात संथ हवी, कारण पहिल्या चार ओळींत हात बर्फासारखे गार असतात. आणि मध्ये तीन-चार जागा अशा हव्यात, की विसरलं तर तिथून पुन्हा धागा उचलता यावा. हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. हे शहाणपण मला कुठून आलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी हे सगळे नियम मीच मोडले. माझ्याकडे एक निवृत्त बसड्रायव्हर यायचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. बोटं ही अशी जाड, एक पट्टी दाबायला जावं तर दोन दाबल्या जायच्या. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलं होतं त्या हातांनी. पण माणूस चिकाटीचा. तीन वर्षांत त्यांनी एका पानाची एक संथ रचना अशी बसवली होती, की ते वाजवायला लागले की डॉक्टरीणबाई पर्स आवरायचं विसरून दारात उभ्या राहायच्या. “बाई, कार्यक्रमाला मी हीच वाजवणार,” ते म्हणाले. आणि मी म्हणाले, “काका, ही तर आठ वर्षांची मुलं वाजवतात. तुम्ही याच्या फार पुढे गेलात.”

खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी संगीत विद्यालयातल्या माझ्या जुन्या सहकारी बाई कार्यक्रमाला येणार होत्या. माझा वर्ग म्हणजे रिकामटेकड्यांचा विरंगुळा, असं त्या कुठेतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मला ते झोंबलं. मी काकांना चार पानांची, उड्या मारत जाणारी रचना दिली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, “तुम्ही म्हणता तर जमेल.” या वाक्याने मला सावध करायला हवं होतं. तूही हेच म्हणाली होतीस, शब्द न् शब्द.

चार महिने ते रोज सकाळी वाजवत. त्यांच्या बायकोला ती रचना तोंडपाठ झाली, त्यांना काही होईना. कार्यक्रमात दुसऱ्या पानावर अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा त्याच जागी अडकले. तिसऱ्यांदा अडकले तेव्हा मी पडद्याच्या कडेला उभी राहून कुजबुजत होते, “पुढे चला, काका, पुढे.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू झाकण लावलं, उठून उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, “माफ करा मंडळी, गाडी बंद पडली.” लोक हसले, प्रेमानेच हसले, टाळ्याही वाजवल्या. काकाही हसत खाली उतरले. त्यांची बायको पहिल्या रांगेत होती, ती तेवढी हसली नाही.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाही. तीन आठवड्यांनी मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले. चौथा मजला, जिन्यात सायकली, दारावर त्यांच्या जुन्या बसचा नंबर रंगवलेली पाटी. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी माफीचं काहीतरी जुळवत होते. तेच म्हणाले, “बाई, तुमच्यावर राग नाही. पण एक सांगू का? मला वाजवायचं होतं. तुम्हाला दाखवायचं होतं.” बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. क्लासला परत या म्हटलं तर मान हलवली. घरी वाजवतात, म्हणाले, बायको स्वयंपाक करत असते तेव्हा. पण दुसरं कोणी ऐकतंय असं वाटलं की हात उचलत नाही. तीन वर्षं खपून जमवलेलं त्या माणसाचं धाडस मी एका संध्याकाळीत घालवलं, आणि ते परत आणून द्यायचा कुठलाही उपाय मला सापडलेला नाही.

त्यांच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मी बसले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर चढत होत्या, त्यांनी विचारलं, “चक्कर आली का?” मी हो म्हणाले. डोळ्यांसमोर तू होतीस.

तू सोळा वर्षांची. निळा फ्रॉक. तुला ती छोटी, सोपी रचना आवडायची, जी तू शाळेतून आल्या आल्या दप्तरही न उतरवता वाजवायचीस. मी तुला दुसरी दिली, कारण हॉलमध्ये माझे गुरुजी बसणार होते आणि माझी मुलगी काय वाजवते ते सगळं गाव बघणार होतं. तू मध्येच विसरलीस आणि पळत पडद्यामागे आलीस. तुला जवळ घ्यायचं सोडून मी तुझं मनगट धरलं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. तरीही मी ते आज माझ्या हाताने लिहिते, म्हणजे मला ते नाकारता येणार नाही: “परत जा. माझी लाज काढू नकोस.” तू परत गेलीस. स्टुलावर बसलीस, हात मांडीवर ठेवलेस आणि काहीच वाजवलं नाहीस. दीड मिनिट. मी मोजत होते, मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग उठून माझ्या बाजूला न येता तू समोरच्या पायऱ्या उतरलीस आणि सगळ्या लोकांमधून चालत दाराबाहेर गेलीस.

त्यानंतर तू पियानोला हात लावला नाहीस. दोन वर्षांनी होस्टेल, मग नोकरी, मग ते लांबचं शहर. मी सगळ्यांना सांगत राहिले, मुलगी हट्टी आहे, तिला चिकाटी नाही. चौदा वर्षं सांगितलं. बाबा ऐकायचे आणि उठून खिडकीपाशी जायचे. त्यांनी मला कधी अडवलं नाही, त्याचा मला आता त्यांच्यावर थोडा राग येतो. पण तो आमचा प्रश्न.

या वर्षी मी कोणालाच रचना दिली नाही. नर्सने बारा ओळींची एक निवडली, तिसऱ्या ओळीत चुकली, “थांबा हं” म्हणाली आणि पुन्हा वाजवली. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पडद्याजवळ जात नाही मी आता.

आणि आता पत्राचं कारण. बाबांवर रागावू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात जेवता जेवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की तू गेल्या वर्षभरापासून तिकडे कुठल्याशा मोठ्यांच्या वर्गात पियानो शिकतेस आणि या रविवारी तुमचा कार्यक्रम आहे. आणि तू त्यांना बजावलं होतंस, “आईला कळू देऊ नका.” मी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता रविवारी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं. शेवटच्या रांगेत बसेन, तुला दिसणारही नाही, शेवटचा सूर थांबला की निघून जाईन, असं मनात सगळं ठरवलं. तीन आठवडे ते तिकीट पर्समध्ये घेऊन फिरले. हे पत्र मी सोमवारी टाकणार आहे, म्हणजे हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल आणि माझी सावलीही तुझ्या हातांवर पडलेली नसेल. कोणती रचना निवडलीस, कशी झाली, काही सांगू नकोस. माझं चुकलं, भिंगरी. लाज तू काढली नव्हतीस, मी काढली होती, माझ्याच लेकराची, भर हॉलमध्ये. काल स्टेशनवर जाऊन तिकीट परत केलं. खिडकीमागच्या बाईंनी सहज विचारलं, “का हो, जाणं रद्द झालं का?” मी म्हणाले, “नाही. मला बोलावलेलंच नाही.”

तुझीच,
तू म्हणशील तेवढ्या अंतरावर थांबलेली,
आई