बारा वॉटच्या कॉइलला एकोणीस वॉट

शॉमबर्ग (अमेरिका), शुक्रवार

तीर्थस्वरूप एकनाथदादांच्या चरणी धाकट्या गुरुनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे सर्व कुशल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं तर मी सोमवारपासून हादरलेला आहे. जेवण जातं (नीला म्हणते, दुप्पट जातं), पण मन थाऱ्यावर नाही. हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुमच्या फोनवर पाठवतोय. वाचून झाला की पुसून टाका.

झालं असं, की सोमवारी प्रथमेश आणि सूनबाई यामिनी ऑफिसला गेल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला प्रथमेशचा ड्रॉवर उघडला (हॉलमधल्या स्विचची पाटी वाकडी बसवली आहे, ती मला बघवत नव्हती). आत जाड पेनासारखी एक वस्तू. नीलाला ते सर्दीचा वाफारा घ्यायचं यंत्र वाटलं आणि पोराला इथली थंडी बाधते म्हणून तिने लगेच सुंठेचा काढा उकळायला ठेवला. मी इंटरनेटवर शोधलं. ई-सिगारेट! आपला प्रथमेश!

पण खरा धक्का पुढेच आहे. या यंत्रात बारीक तारेची कॉइल असते. ती तापली की आतल्या निकोटिनच्या रसाची वाफ होते. म्हणजे आपला हीटरच. कॉइलवर छापलेलं : १.२ ओहम, दहा ते चौदा वॉट. आणि व्होल्टेज ठेवलेलं ४.८! करा हिशोब. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे एकोणीस वॉटच्या वर. कॉइलमधला रस शोषणारा कापूस करपणार, वाफेला करपलेल्या दुधाची चव येणार. बाप वीज मंडळात चौतीस वर्षं घासला, पोरगा पुण्यातून इंजिनिअर झाला, आणि त्याला ओहमचा नियम येऊ नये? दादा, व्यसनाचं दुःख बाजूला राहिलं, मला शरमेनेच घाम फुटला. डबीत एक कोरी कॉइल होती ती बसवली, संपर्काचे बिंदू पुसले, व्होल्टेज ३.६ वर आणलं. आता पावणेअकरा वॉट. लगेच आंब्याची स्वच्छ चव यायला लागली. सगळा हिशोब एका चिठ्ठीवर मांडून (खाली दोन रेघा मारून) चिठ्ठी त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हटलं, लाजेल आणि सोडेल.

संध्याकाळी त्याने चिठ्ठी वाचली, कानापर्यंत लाल झाला, एकाच दमात मला सॉरी आणि थँक्स दोन्ही म्हणाला आणि ते यंत्र घेऊन बाल्कनीत गेला. वीस मिनिटं आलाच नाही. यामिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, आवाज चढवून बोलत नाही. म्हणाली, "बाबा, ते व्होल्टेज मी मुद्दाम वाढवलं होतं. जळकी चव आली की त्याला नकोसं होईल म्हणून. त्याला वाटलं ते बिघडलंय. नवीन घ्यायचं नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. नऊ दिवस हात लावला नव्हता त्याने."

दादा, आयुष्यभर मी लोकांचा खंडित वीजपुरवठा पूर्ववत केला, पण पोराचं बंद पडलेलं व्यसनही मीच पूर्ववत करून द्यावं? यामिनी रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसता गॅस पुसायला घेतला. तेव्हापासून बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला की माझ्या काळजात चर्र होतं, आणि ते दार दिवसातून पाच-सहा वेळा सरकतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच.

आपला,
गुरुनाथ

ता. क. : नीलाला यातलं काही ठाऊक नाही. ती रोज काढा देते आणि तो मुकाट्याने पितो.

दुसरा ता. क. : पत्र खरं यासाठी, की तीस वर्षांची तंबाखू तुम्ही एका दिवसात सोडलीत. माझ्या बोलण्याला आता या घरात वजन उरलेलं नाही, पण प्रथमेश मोठ्या काकांचं ऐकतो. रविवारी त्याला फोन करा. पहिला आठवडा कसा काढलात, हात शिवशिवले की काय करत होतात, सगळं सांगा.

तिसरा ता. क. : आंब्याची चव आली हे मला कसं कळलं, असं तुमच्या मनात आलंच असेल. सोमवारी ती चाचणी होती. आज पाचवा दिवस आहे. त्याच्याशी बोलून झालं की फोन माझ्याकडे द्यायला सांगा.