तिसऱ्या काडतुसाची मान

अब्बा, तुमचं मायक्रोमीटर अजून बिनचूक आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी ते माझ्या कपाटात दुपट्ट्यांखाली पडून होतं, पण बाहेर काढून, पुसून, पूर्ण मिटवून बघितलं तर रेघ बरोब्बर शून्यावर. माणसं इतकी सरळ राहिली असती तर आणखी काय हवं होतं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. इतकी वर्षं ती गप्प होती, परवा शनिवारी तिने माझा गळाच धरला, म्हणून आज लिहायला बसले.

आधी हे ऐका, की तुमची मुलगी, दिवसभर जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात कंटेनर कुठे अडकला याचे ईमेल लिहिणारी बाई, चाळिशी उलटल्यावर रायफल चालवायला शिकली. हसू नका. शिकार वगैरे नाही, कागदावरचं टार्गेट. शनिवारी क्लबात जाते, पोटावर पालथी पडते आणि श्वास धरून दूरवरचा एक काळा ठिपका बघत राहते. आठवड्यात तेवढाच वेळ मला कोणी मॅडम म्हणून हाक मारत नाही. माझ्या रायफलचं जुनं बॅरल झिजलं, म्हणून नवीन मागवलं, ते यायला आठ महिने लागले. पुढच्या महिन्यात क्लबच्या संघाची निवड आहे, आणि या वयात मला दुसरी संधी कोण देतंय.

तुम्ही लेथवाले, म्हणून तुम्हाला चटकन कळेल. बॅरल येतं ते कोरं. त्याच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा, म्हणजे चेंबर, ते क्लबच्या वर्कशॉपमधला मिस्त्री लेथवर कापतो. केरळचा आहे, साठीचा, तुमच्यासारखाच कमी बोलणारा. कापताना माप घ्यायला त्याला आपण डमी काडतुसं करून द्यायची. खऱ्यासारखीच, पण आत दारू नाही, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर नाही. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, जिथे गोळी बसते ती तिची मान बाहेरून हातयंत्रावर फिरवून एकसारखी पातळ करायची, मग गोळी ठरलेल्या खोलीवर दाबून बसवायची. अशी तीन. घरी एक रिकामी पुंगळीसुद्धा नेता येत नाही, इथला कायदा कडक, त्यामुळे सगळं क्लबातच बसून. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, तीन में से कोई भी एक उठाऊंगा, उसी से काटूंगा. एक बार कट गया तो खलास." म्हणून तुमचं मायक्रोमीटर काढलं. क्लबात डिजिटल आहेत हो, पण मला तुमचंच हवं होतं, का ते मलाही तेव्हा कळलं नाही.

ते हातात धरलं की करामातल्या आपल्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दिसतं. शुक्रवार आहे, तेव्हा सुट्टी शुक्रवारची. अम्मी सांदणं वाफवते आहे, खिडकीच्या काचेवर वाफ साचली आहे, आणि तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरून पितळी बुश, ती अंगठीसारखी जाड कडी, मांडता आहात. सहा बुश, कुठल्याशा पंपाचे, शनिवारी द्यायचे. मी बारा वर्षांची. तुमच्या डोळ्यांपुढे तेव्हा धुकं यायला लागलं होतं, मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नव्हत्या, आणि हे जबल अली बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये कळलं तर लेथ हातचा जाईल म्हणून तुम्ही कापलेल्या बुशांचा डबा पिशवीत घालून घरी आणायचात. मी वाचायचं आणि बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायचं. एकदा मी मागचाच आकडा अंदाजाने ठोकून दिला तेव्हा तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. "आकडा आठवायचा नसतो, वाचायचा असतो," म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण अम्मीनेसुद्धा वळून बघितलं. मला त्या पेन्सिलीचा फार राग आला होता.

त्या शुक्रवारी मी पाच बुश मोजले. पाचही सारखे.

शनिवारी सहावा बुश पंपात जाईना. फिटरने ठोकून बसवला, आतला भाग तडकला, साहेबाने तुम्हाला बोलावलं, मग डॉक्टरकडे पाठवलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, दृष्टी आली, पहिल्या दिवशी अम्मीला बघून "तू एवढी म्हातारी कधी झालीस?" म्हणालात आणि तिने दोन दिवस अबोला धरला. पण लेथ गेला. तुम्हाला टूल स्टोअरमध्ये बसवलं ते निवृत्त होईपर्यंत. घरी तुम्ही मला एकदाच विचारलंत, बूट काढता काढता, "सहावा नीट वाचला होतास ना?" मी म्हटलं, हो. तुम्ही लगेच मान हलवलीत. "मग मीच डब्यात दुसरा टाकला असणार. दिसत नाही ना मला." कुणी विचारलं की तुम्ही हेच सांगत राहिलात, गावी गेल्यावरसुद्धा. आणि माझा डिप्लोमा झाला तेव्हा हे मायक्रोमीटर लाकडी पेटीसकट माझ्या हातात ठेवलंत. "तुझ्याइतकं नीट कोणी वाचत नाही." अब्बा, तुम्ही थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

तर परवा. दोन डमी मी मोजल्या, मानेचं माप शतांशापर्यंत सारखं. तिसरीतही गोळी बसवून झाली होती, माझी मान दुखत होती, वर्कशॉप बंद व्हायची वेळ. मी चिठ्ठीवर तिसरा आकडाही तोच लिहिला. जित्याची खोड, दुसरं काय. मिस्त्रीने चिठ्ठी बघितली. "तीनों सेम?"

"सेम," मी म्हटलं.

त्याने नेमकी तिसरी उचलली. बॅरल लेथवर चढलेलं, तेलाची बाटली उघडलेली. आणि मला तुम्ही बूट काढताना दिसलात. एक बूट पायात, एक हातात, मान वर करून माझ्याकडे बघणारे. "भाई, रुको. वो तीसरा मैंने नापा नहीं है." आजूबाजूला दोन मेंबर उभे होते, त्यांच्यासमोर म्हटलं. मिस्त्रीने डमी माझ्या हातात परत दिली. मोजली. मान तीन शतांश जाड. ती पुंगळी मी यंत्रावर फिरवलेलीच नव्हती, न केलेल्यांच्या डब्यातून उचलली होती. तिच्या मापाने चेंबर कापलं असतं तर माझी बाकीची सगळी काडतुसं त्यात सैल बसली असती, आणि कापलेलं पोलाद परत जोडता येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

मिस्त्रीने लेथ बंद केला. मला वाटलं आता ऐकवेल. तो म्हणाला, "चाय पियो, फिर आराम से दूसरा बनाओ. अच्छा हुआ बोल दिया." मी नवीन डमी केली, तीन वेळा मोजली, तिन्ही वेळा आकडा वाचून लिहिला. काल चेंबर कापून झालं. पुंगळी आत सरकते, अडत नाही, डुगडुगत नाही. तुम्ही असतात तर बोट फिरवून नुसतं "हं" म्हणाला असतात. निवडीचं इन्शाल्ला बघू, पण बॅरल माझ्याकडून खराब झालेलं नाही, एवढं नक्की.

लेक आत्ता डोकावून गेली. "मम्मा, हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, नानांना. "बट व्हेअर विल यू सेंड इट?" कुठेच नाही, ते तिलाही कळतं. पत्र मायक्रोमीटरच्या पेटीत, खालच्या मखमलीखाली घडी करून ठेवणार आहे. पुढच्या शनिवारी तिला क्लबात घेऊन जाईन, आकडे ती वाचेल आणि मी लिहीन.

तुमच्या डब्यात दुसरा बुश गेलाच नव्हता, अब्बा. सहावा मी मोजला नव्हता.