सुधीरच्या डेकवरचं गलबत

शुक्र. ८ ऑक्टो. ९९, अबू हलीफा, कुवेत
रघुनाथरावांची नवी सीडी सबनीसांकडे सगळ्यांनी मिळून ऐकली. जुनीच गाणी, नव्याने गायलेली. आपलं गलबताचं गाणंही. गायलंय कसलं, रगडलंय! मागे ढोल बडवणारं मशीन आणि हे आपले खालच्या पट्टीत, पेंगत पेंगत. सबनीस म्हणाले, "वहिनी, गलबत बुडालं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. सुधीरला जाऊन दोन वर्षं होतील. रोज दाढी करताना हेच गाणं असायचं त्याचं.

मंगळ. १२
लॅबमध्येही तोच विषय. अलका सिस्टर रक्ताच्या बाटल्या ठेवता ठेवता, "म्हाताऱ्याला कुणी सांगितलं होतं गं नसते उद्योग करायला?"
मंडळाचं ठरलं. दिवाळीच्या कार्यक्रमाला रघुनाथराव येणारच आहेत, तेव्हा तोंडावर सांगायचं: नवं नको, जुनं गा. सांगणार कोण? जेवायला माझ्याकडे, म्हणून मीच. बरं झालं.

गुरु. २१
त्यांची जुनी गलबताची कॅसेट काढून ठेवली. युद्धानंतर परत आलो तर घर धुऊन नेलेलं. ही वाचली, कारण सुधीरने पळताना पिशवीत टाकली होती. मग फ्रायडे मार्केटमधून दोन कप्प्यांचा जुना डेक आणला आणि ज्याला हवी त्याला कॉपी करून देत बसायचा. इथून जाब्रियापर्यंत मराठी घरांत जे गलबत वाजतं ते आमच्या हॉलमधून गेलेलं आहे. आणि रघुनाथराव आता म्हणे सुधारून देणार.
केतकी: "आई, इट्स जस्ट अ साँग." जस्ट म्हणे!

गुरु. २८
रघुनाथराव आले. सुरमईचं कालवण दोनदा घेतलं. मी पण सांगून टाकलं, "आमच्या गाण्याची वाट लावलीत तुम्ही." सबनीस ताटात बघायला लागले.
"तुमचं ऐकवा बरं," म्हणाले.
डेकवर लावली. हात न धुता शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग मंडळाची पेटी ओढली, एक सूर धरला. "मी इथून गायलो होतो. तुमचं त्याच्या वर चाललंय. बाई, तुमच्या मशीनचा हा कप्पा पळतोय. एवढ्या घाईत मी जन्मात गायलो नाही. ढोल कंपनीचे, त्याबद्दल खुशाल शिव्या घाला. चाल मात्र जुनीच आहे."
सबनीस हसायलाच लागले, "म्हणजे अख्खं कुवेत इतकी वर्षं..." "गप्प बसा," म्हटलं. एवढ्या घरांत गेलं ते सगळं चुकीचं? असेल. त्यांनी का सांगावं?
चपला घालताना म्हणाले, "उद्या सांगा, नंदाताई. तुमचं गाऊ की माझं? तुमचंही गाईन. दम लागेल, एवढंच."
दार लावून घेतलं. नीट "या" सुद्धा म्हटलं नाही.

शुक्र. २९, सकाळ
केतकीने तीच कॅसेट गाडीत लावली. संथ, खालची पट्टी. सीडीतलंच, फक्त ढोल नाहीत. चांगलं वाटलं. चांगलं वाटलं म्हणून आणखी राग आला. बंद केली.
"सो बाबा वॉज साँगिंग इट राँग?" म्हणायचं होतं सिंगिंग, रडत होती. मी म्हटलं, नाही.
सबनीसांचा फोन दोनदा. काय सांगायचं त्यांना? "आमचंच गा" हे जिभेवर तयार आहे. दम लागेल म्हणाले, लागू दे.
पण शेवटच्या वर्षी सुधीरलाही लागायचा. दुसऱ्या कडव्याला बेसिन धरून थांबायचा, साबण तसाच गालावर, आणि पुन्हा त्याच वेगात. मी म्हणायचे, जरा सावकाश म्हण ना. तर म्हणे, "गाणंच तसं आहे, मी काय करू?"
फोन परत वाजतोय.