अथांग असं बोलत नाही

ता. १८ फेब्रुवारी
दुपार, जेवणं उरकल्यावर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत आणि तुझं रागाचं पत्र वाचून झाल्यावरही बरेच आहोत, यावरून प्रकृतीचा काय तो अंदाज कर. आईचा गुडघा कुरकुरतो, पण दिवसातून दहा वेळा खाली छापखान्यात डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. कटिंग मशीनला नवं पातं बसवलंय. तुझ्या खोलीत कागदाची रिमं रचून ठेवली आहेत, पण पलंगावर आई काही ठेवू देत नाही. परवा मी नुसती चादर वाळत घातली त्यावर, तर केवढं ऐकवलंन मला!

आता तुझ्या पत्राकडे वळते. नाहीतर म्हणशील, बोरू नेहमीप्रमाणे सगळ्या गावाला वळसा घालतेय.

तू विचारलंयस, "माझ्या कथेत हात कुणी घातला?" तुझ्या चित्रकथेच्या संहितेत शेवटून दुसऱ्या पानावर तुझा वीर वेगंधर अथांगपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, "चूक माझी होती. तुझ्यावाचून मी कुणीच नाही." मग अथांग त्याला दिलेली शक्ती काढून घेतो आणि वेगंधर विझतो. छापलेल्या अंकात हे वाक्य वेगंधर बोलतच नाही. अथांग बोलतो. ज्याच्या पापणीवर तारे धुळीसारखे बसलेले असतात, ज्याने इतक्या वर्षांत एकाही वीराला साधं "ये, बस" म्हटलं नाही, तो एका गुडघे टेकलेल्या माणसाला सांगतो की चूक माझी होती. तू पत्रात तीन ठिकाणी खाली रेघ मारून लिहिलंयस की अथांग असं बोलत नाही. मान्य आहे, बाबा. मी एवढी वर्षं त्याची अक्षरं काढतेय, मला ठाऊक नसेल तर कुणाला?

तर झालं ते असं. मी आधी शब्द लिहिते, शाई वाळू देते, मग शब्दांभोवती फुगा काढते आणि शेवटी फुग्याला बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारी शेपटी. अथांगला मात्र फुगाही नाही आणि शेपटीही नाही. तूच ठरवलं होतंस ते. तो सगळीकडे आहे, मग शेपटी न्यायची कुठे? त्याचे शब्द नुसते आकाशात तरंगतात. त्या दिवशी मी वेगंधरचं वाक्य लिहिलं, वाळायला ठेवलं, आणि खालून हाक आली की वह्यांच्या कव्हरांचा रंग उतरतोय, जरा बघून जा. मी गेले. परत आल्यावर पुढचं पान घेतलं. फुगा राहिला. बिनफुग्याचं, बिनशेपटीचं वाक्य ताऱ्यांमध्ये तरंगत राहिलं आणि आपोआप अथांगचं झालं. यात कट नाही, कारस्थान नाही, तुझ्या बहिणीचा धांदरटपणा आहे. वाटेल तेवढी बोलणी खायला तयार आहे.

प्रूफात कसं सुटलं म्हणशील. सुटतं कधी कधी. प्रूफं वाचणाऱ्या अण्णांचंही वय झालं आता.

अंक मात्र हातोहात गेला, हे तुला कळवायलाच हवं. पुन्हा छापावा लागला. वाचकांची पत्रं येतायत, ती टोपलीत मावेनात म्हणून आईने तिची कपड्यांची परडी दिली आहे. एका नर्सने लिहिलंय की तिच्या वॉर्डातले दोन म्हातारे या पानावरून भांडले आणि दोघांचाही रक्तदाब तपासायला लागला. एकाचं म्हणणं, एवढ्या मोठ्या अथांगनेच माफी मागितली तर विश्व चालणार कसं? दुसऱ्याचं म्हणणं, इतके दिवस चाललं होतं ते काय चालणं होतं? एका बसड्रायव्हरचं पत्र मी काढून ठेवलंय. तो विचारतो, अथांगला जर सगळं करता येतं, तर तो वीरांना शक्ती देतोच कशाला? स्वतःच का नाही करत? आणि पुढे त्यानेच लिहिलंय, बहुतेक एवढा मोठा जीव आमच्या गल्लीत मावत नसेल, म्हणून त्याला धावणारं कुणीतरी लागत असेल, म्हणजे गरज त्यालाच जास्त.

मला हे कधी सुचलं नव्हतं. तुला सुचलं होतं का रे? मला वाटायचं, तू अथांगला दर अंकात मोठा मोठा करत चाललायस. आधी तो ग्रहाएवढा होता. तू घर सोडलंस तेव्हापासून चित्रकारकाका वैतागून म्हणायचे, "आता याला पानात बसवू कुठे? नुसतं नाक काढतो." आणि तो जितका मोठा झाला, तितके तुझे वीर लहान. एकाचे पंख काढून घेतले, एकीचा आवाज. कारण काय, तर त्यांनी न विचारता काहीतरी चांगलं केलं! मी अक्षरं काढता काढता रडलेय त्या आवाज गेलेल्या पोरीसाठी, हसू नकोस.

आणि शेवटी वेगंधर. संहितेसोबत तुझी चिठ्ठी होती, "ही शेवटची. पुढची मागू नकोस." दादा, महिन्याला एक जाडजूड पाकीट येतं, तेवढंच तुझं या घरात येणं उरलंय. ते आलं की आई हात पुसत खाली येते. अण्णा आपल्या जागेवरून उठत नाहीत, पण पाकीट फुटेपर्यंत त्यांच्या पेन्सिलीचा आवाज बंद असतो. तू वेगंधरला विझवलंस म्हणजे ते पाकीटही विझलं. ती चिठ्ठी समोर ठेवूनच मी ती पानं काढली. म्हणून कदाचित फुगा राहिला असेल.

बरं, वर प्रूफाबद्दल जे लिहिलंय ते खरं नाही. खोडत नाही, खाडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही. पण अण्णांच्या नजरेतून काही सुटत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि तू ते वाचून हसला असशील. डोळ्यांत तेल घालून वाचतात अजून. परवा साबणाच्या लेबलावरचा पुसट ठिपका पकडला त्यांनी.

ऐक तर. अंक छापायच्या दिवशी सकाळी त्यांनी प्रूफं परत दिली. सगळी कोरी, एकही खूण नाही. फक्त शेवटच्या पानावर तळाशी तू लिहिलेला "समाप्त" त्यांनी लाल पेन्सिलीने काटला होता. साधा नाही, दोनदा. मला काही उमजेना, म्हणून मागची पानं उलटली आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. मी तशीच धावत त्यांच्या टेबलाशी गेले.

"अण्णा, इथे माझा फुगा राहिलाय. लगेच काढून आणते."

"कुठे?"

"हे बघा. हे वेगंधरचं वाक्य आहे. असंच सोडलं तर अथांग बोलल्यासारखं होतं."

"मला कळतं ते," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो स्वच्छच होता. "राहू दे."

"अहो, पण दादाने असं लिहिलेलं नाही!"

"वाक्य त्याचंच आहे ना? एक अक्षर तरी बदललंय का कुणी?"

मग अण्णा म्हणाले, "तुम्हा दोघांना काय वाटतं, हा अथांग कोण आहे ते मला ठाऊक नाही? पहिल्याच वर्षी ओळखला मी. कपाळावरची आठी ठेवली आणि चष्मा तेवढा गाळला तुमच्या चित्रकाराने." दाराआडून आई फिस्सकन हसली. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण ते म्हणाले, "हस तू. तूही ओळखला असशील." आई म्हणाली, "नाकावरून."

मग प्रूफं माझ्या हातात देऊन म्हणाले, "मशीनवर चढव. आणि त्याला यातलं काही लिहू नकोस."

म्हणून लिहिलं नाही. म्हणून वर थापही मारली. आता मात्र मला राहवत नाही.

तू गेलास त्या दिवशी अण्णा सगळ्या कामगारांदेखत तुला म्हणाले होते, "या छापखान्याबाहेर तुला विचारतो कोण? जे आहे ते मी दिलेलं आहे, मनात आणलं तर काढूनही घेईन." तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि निघालास. नंतर कितीतरी अंकांत अथांगच्या तोंडी मी हेच वाक्य या ना त्या रूपात काढलं, आणि दर महिन्याला अण्णांनी ते तपासलं. एकदाही त्यावर पेन्सिल टेकवली नाही. विचार कर ना, दादा, स्वतःचं बोलणं असं दर महिन्याला पुढ्यात येतं, आणि माणूस फक्त विरामचिन्हं बघून पान उलटतो. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, वाटायचं दगड आहेत नुसते. आता वाटतं, त्यांना ते वाचायचं होतं.

काल तुझं पत्र आलं. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापा, म्हणजे ते वाक्य वेगंधरचं आहे हे लोकांना कळेल, ही तुझी मागणी मी अण्णांना वाचून दाखवली. रेघ मारलेली वाक्यंही वाचली. अथांग असं बोलत नाही.

अण्णांनी पत्र हातात घेऊन त्या रेघा स्वतः बघितल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. बोलत नाही." आणि पत्राची घडी घालत, "बोलायला हवं होतं. तो किल्ल्या ठेवत होता तेव्हाच. चुकलंच माझं."

दादा, ही त्यांची वाक्यं आहेत. यात माझा फुगा नाही, शेपटी नाही, मी एक अक्षरही इकडचं तिकडे केलेलं नाही. मी समोर उभी होते आणि आई माझा दंड धरून उभी होती.

त्यानंतर ते उठले, खाली गेले आणि चालू मशीन बंद करायला लावलं. माणसं घाबरली, वाटलं काहीतरी बिघडलं. अण्णांनी सांगितलं, "पुढच्या अंकाची पानं थांबवा. शुद्धिपत्र छापायचं की पुढची गोष्ट, ते लिहिणारा ठरवेल. त्याचं काय येईल ते छापायचं. मला दाखवायची गरज नाही." मला दाखवायची गरज नाही! चित्रकारकाकांनी तर स्टुलावर बसकणच मारली. ते आता वेगंधरला कसा काढू, कसा काढू म्हणून माझा जीव खातायत. म्हणतात, शेवटच्या चौकटीत अथांगचा तळहात पसरलेला आहे आणि वर वेगंधरचा एवढासा उजेड आहे. काढला होता तो विझवणारा हात म्हणून, पण त्या वाक्यानंतर तो हात पुढे केल्यासारखा दिसतो. मी पुन्हा पाहिलं. खरंच दिसतो.

तू शुद्धिपत्र पाठवलंस तर मी ते सुबक अक्षरात काढीन. कुरबुर करणार नाही, शप्पथ. वाक्य तुझं आहे. पण ते छापताना मला काय वाटेल, हे आता तुला ठाऊक आहे. मला तू हवा आहेस, दादा. पाकीट नको, तू. रिमं मी आजच खोलीतून हलवते, आणि चादरही वाळत घालणार नाही.

अण्णा मघाशी वर आले. मी लिहितेय ते बघून दारातच थबकले. म्हणाले, "त्यालाच का?" मी मान हलवली. "मग लिही, काम थांबलंय म्हणून." जायला वळले, परत आले. "मी वाट बघतोय असं काही लिहू नकोस हं."

अण्णांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. आज मोडते. ते वाट बघतायत.

तुझीच,
बोरू