नीलिमाची पैठणी

मी, श्रीमती सुगंधा विठू शिगवण, वय ७१, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, साड्यांना फॉल-पिको आणि रफू करणारी, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. डोळे गेलेत, डोकं जागेवर आहे. लिहिणारी टेरेझा, माझ्याकडे साड्यांना गोंडे लावते.

१. राहती खोली आणि माझी इरकल साडी मुलगी शुभदा हिला. इरकलीचा पदर वेगळा विणून जोडलेला असतो, ती खोट समजू नये.

२. गिऱ्हाईक हंसाबेनचं पाटणचं पटोळं कपाटात आहे, ते परत करावं. ‘रंग गया’ म्हणून बिल्डिंगभर बोंबलली होती. पटोळं फाटेल, पण रंग सोडणार नाही, हे तिला माझ्यातर्फे सांगावं.

३. ट्रंकेतली हिरवी येवल्याची पैठणी माझ्या मालमत्तेत धरू नये. ती माझी कधीच नव्हती. ती माझी सून नीलिमा हिला तिच्या आईने लग्नात दिलेली. २०१६ साली माझा दिपेश गेला. तेराव्याला, भरल्या घरात, मी ती तिच्या कपाटातून काढून घेतली. “आता कोणासाठी नेसणार आहेस?” असं म्हणाले. सव्वीस वर्षांची पोर. मी स्वतः विधवा, तरी म्हणाले. शुभदा कानाशी लागली होती हे खरं, पण हात माझे होते. नीलिमा त्याच आठवड्यात माहेरी गेली, ती परत आली नाही.

४. लाजेने मी ट्रंक उघडलीच नाही. गिऱ्हाइकांना मात्र बजावायचे, बायांनो, रेशमाची घडी मोडत जा, नाहीतर घडीवर चिरतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! गेल्या वर्षी उघडली तर अकरा ठिकाणी चिरलेली. सात चिरा रफू केल्या. चार राहिल्या, तोवर डोळे गेले. पदरावरचे मोर शाबूत आहेत.

५. नीलिमाने ती नेसावी, फाडावी, नाहीतर जाळावी. तिला कोणी विचारू नये. मला नेताना अंगावर रेशीम घालू नये.

६. आज सहीआधी टेरेझाने नीलिमाला फोन लावून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, “हॅलो, कोण बोलतंय?” टेरेझा कोपराने ढोसत होती, “बाय, बोल ना काय तरी.” मला माझं नाव सांगता आलं नाही. मी फोन ठेवला.

सही: सुगंधा विठू शिगवण

साक्षीदार: १. टेरेझा लॉयड बोर्जिस, तारोडी
२. महिपत पाटील, राई

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५