काळे तीळ

३ डिसेंबर
रत्नागिरीत पोचलो. गुरुप्रसादच्या मेडिकलमध्ये नोकरी. खोकल्याची सिरपं, ओव्याचा अर्क, आम्लपित्ताच्या पुड्या, हे कपाट माझ्याकडे दिलंय. थंडीत हेच खपतं, म्हणाला. दुकानावरच खोली आहे, खिडकीतून माड दिसतात. जेवण शेजारी सावित्रीकाकूंकडे. बांगड्याचं तिखलं झकास होतं. अण्णा गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. नंतर त्याचीच लाज वाटली.

५ डिसेंबर
काकूंनी घरचं विचारलं. सांगितलं, वडील गेल्या महिन्यात गेले. शेवटी त्यांचं पोट फुगलेलं असायचं. एक ढेकर आला की सुटलो, एवढंच म्हणत. मी ओव्याचा अर्क पाजत राहिलो, पण ढेकर काही आला नाही. दहाव्याला पिंडाला कावळाही शिवेना. भाऊ संदेश मुंबईला परतायच्या घाईत, म्हणून भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं.
‘गाडी गावली ना पण त्याला?’ काकू म्हणाल्या. मी मान खाली घालून जेवलो.

८ डिसेंबर
गिऱ्हाइकासमोर ढेकर आला. लांबलचक, म्हाताऱ्या माणसाचा. बाई मागे सरकली. दुकानातलाच माल चाखतोस वाटतं, असं म्हणून गुरुप्रसाद हसला. मी काही घेतलं नव्हतं, तरी तोंडात ओव्याची चव.
दाढी करताना गालावर एक काळा तीळ दिसला. पूर्वी नव्हता.

१० डिसेंबर
आज जेवायला बसलो आणि पहिल्या घासाआधीच.
‘स्वरूप, अजून भात नाय कालवलास. कोणाचा ढेकर रे हा?’ काकू म्हणाल्या.
जेवायला बसलेले सगळे हसले. तोंड लपवावंसं वाटलं. या वेळी चव तुळशीची. अण्णांच्या तोंडात पान मीच ठेवलं होतं.

११ डिसेंबर
पुड्या घेतल्या, अर्क प्यायलो. थांबत नाही. आज चितेच्या धुराची चव, तुपाची. सगळं क्रमाने येतंय. आता राहिला पिंडाचा भात. तो तर अण्णांना पोचलाच नाही.

१३ डिसेंबर
काकूंकडे जात नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? न जेवता पोट फुगलंय. संदेशला फोन केला. पित्त असेल म्हणाला, मेडिकलमध्ये राहून मला कसलं विचारतोस.
गळ्यावर तीळ. छातीवरही —

१४ डिसेंबर
ढेकर बंद. छातीशी अडकलाय. खिडकीत कावळा. तिथे खायला काही ठेवलेलं नाही. माझ्याकडेच बघतोय —

१५ डिसेंबर
अंग पांढरं, मऊ. दंडावर बोट टेकलं, ते आत रुतलं. बोटाला शितं —
सगळीकडे तीळ.
कावळा गजाबाहेर. दर्भाचा नाही, खरा. घाई नाही त्याला.
हा शिवला तर अण्णांचा ढेकर —
मी खिडकी उघड