टायरची आतली बाजू

प्रिय छोट्या,

फोन केला असता तर 'दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो' म्हणाला असतास. समोर आलो असतो तर पाच मिनिटांत माझं भाषण सुरू झालं असतं आणि तू नेहमीसारखा टाळ्या वाजवून पाना उचलला असतास. म्हणून लिहितोय. मध्येच घडी घालून गल्ल्याखाली सारू नकोस, शेवटपर्यंत वाच.

काल ताईकडे गेलो होतो. तिच्या ड्रायव्हिंग क्लासची पाटी तिने काढून जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. भाओजींनी गाडीची किल्ली कपाटात टाकली आणि म्हणाले, 'पुरे झालं आता, वय झालं तुझं.' आणि आपली ताई, छोट्या, जिला वाहतूक पोलीससुद्धा आधी नमस्कार करायचा, ती मान खाली घालून भांडी पुसत राहिली. अपघाताच्या वेळी तिच्या शेजारी शिकाऊ म्हणून स्टिअरिंगवर असलेल्या शिवणवाल्या बाईंकडे ती रोज सकाळी जाते. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ताई त्यांची वेणी घालून देते. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं कात्री धरण्याइतकी वळतील की नाही, आत्ताच सांगता येत नाही. बाई बिचाऱ्या ताईचीच समजूत घालतात. ताई घरी येते आणि पलंगाच्या कडेवर बसून राहते.

तुला आठवतं, आपल्या दोघांना गाडी तिनेच शिकवली. पहिले आठ दिवस तर स्टिअरिंगवर बसूच दिलं नाही. आधी गाडीला फेरी, प्रत्येक टायरच्या बाहेरच्या बाजूवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायचा, मगच दार उघडायचं. 'डोळे आळशी असतात, हात खोटं बोलत नाही,' म्हणायची. तू तिची नक्कल करायचास, ताई गाडीला गोंजारते म्हणून चिडवायचास, आणि एकदा त्याच तळव्याची चापट खाल्लीस. बावीस वर्षांत तिने एक सकाळ चुकवली नाही. टायरच्या धंद्यात पडलास तेव्हा तूच म्हणाला होतास की ही अक्कल मला ताईने दिली.

आता त्या दिवसाचं लिहितो. आपण दोघांनी तो दिवस इतका छान गिळलाय की लिहिल्याशिवाय तो बाहेर यायचा नाही. कोणा शिकाऊने गाडी फुटपाथच्या कडेला घासली होती. पुढचा डावा टायर बाजूने खरचटला होता, बघायला काहीच नाही, दोन बोटं रुंदीचा ओरखडा. पण ताईच्या तळव्याला काहीतरी उंच लागलं, म्हणून ती सरळ तुझ्या दुकानात आली. मी तिच्याच गाडीत होतो, कारण मला सभेला सोडायला ती निघाली होती. सभा कशाची, तर झिजलेल्या टायरांवर गाड्या पळवायला लावणाऱ्या मालकांविरुद्ध चालकांची सभा. हस छोट्या, इथे हसायला हरकत नाही.

ताई शेजारच्या दुकानात फोनचं बिल भरायला गेली. तू चाक काढलंस, अंगठ्याने दाबून पाहिलंस आणि मला दाखवलंस. ओरखड्याशेजारी घेवड्याच्या दाण्याएवढा फुगा. तूच मला समजावलंस, नुसतं रबर खरचटलं तर चालतं, पण फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटलेत. रस्त्यावर टेकणाऱ्या भागाचं पंक्चर काढता येतं, बाजूला ठिगळ चालत नाही, टायर बदलायचाच. तुझ्या दुकानाच्या भिंतीवर हेच तू रंगवून घेतलं आहेस, हातभर अक्षरांत. त्या मापाचा टायर तुझ्याकडे नव्हता, दोन दिवसांनी येणार होता. मग तू टायर रिमवरून उतरवलास आणि उलटा चढवलास. फुग्याची बाजू आत, गाडीच्या पोटाकडे, आणि धडधाकट बाजू बाहेर. 'दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, तिला उगाच घाबरवायला नको,' म्हणालास.

ताई आली. तिने विचारलं, आणि अगदी सरळ विचारलं, 'फुगा तर नाही ना रे?' तू म्हणालास, 'छे ताई, चिखलाचा गोळा होता, घासून काढला.' तिने वाकून तळवा फिरवला. गुळगुळीत. ती हसली आणि म्हणाली, 'तुझ्या हाताला यश आहे हो छोट्या.' मी दोन पावलांवर उभा होतो.

दोन दिवसांनी टायर आला. तुझ्या मांडणीवर वरून दुसऱ्या कप्प्यात पडून राहिला. तू विसरलास. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणणार नाही, तुझ्यात तेवढी दुष्टाई नाही. तुझ्यात आहे तो आळस आणि माणसाला खूश ठेवायची खोड. त्यानंतर सहा दिवस ताई रोज सकाळी गाडीभोवती फिरली, चारही टायरांवरून हात फिरवला आणि सहाही वेळा तिच्या हाताला आपण खोटं सांगितलं. सहाव्या दिवशी उतारावर तो आतून फुटला आणि गाडी कठड्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी तू मदतीला म्हणून गेलास आणि चाक उचलून आणलंस. मला वाटलं, तू ते भंगारात घातलं असशील. गेल्या रविवारी तुझ्या दुकानामागे हात धुवायला गेलो तर ताडपत्रीखाली ते दिसलं. तू ते फेकलं नाहीस, यावरून तुझी झोप कशी असेल याचा मला अंदाज आला. तेवढ्यावर मी तुला माफ केलेलं नाही.

आणि तू मनात म्हणत असशील, हा मला काय शिकवतोय, तर ते बरोबर आहे. स्टेपनी डिकीत होती, नवीकोरी. तू म्हणालाही होतास की तीच लावू. पण तिच्यावर माझा कर्णा होता, पत्रकांचे गठ्ठे होते, दोन घडीच्या खुर्च्या होत्या. मीच म्हणालो, 'आता डिकी उपसत बसू नकोस, सभेला उशीर होतोय.' मी वेळेवर पोचलो. पाऊण तास बोललो. चालकाच्या जिवाशी खेळणाऱ्यांना मी त्या दिवशी माणसांतून उठवलं. खाली पहिल्या रांगेत ताई बसली होती आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होती. बाहेर तिची गाडी उभी होती, मी ज्याबद्दल घसा फोडत होतो तेच चाक घेऊन. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की गप्प राहणारा गुन्ह्यात भागीदार असतो. त्याचं उदाहरण मी इतक्या जवळून कधी दिलं नव्हतं.

हे सगळं आजच का लिहितोय ते आता सांगतो. गुरुवारी अकरा वाजता परवाना कार्यालयात ताईची चौकशी आहे. तिने स्वतःहून एक निवेदन लिहिलंय आणि काल ते माझ्या हातात दिलं, 'तुझी भाषा चांगली आहे, जरा नीट करून दे' म्हणून. त्यात लिहिलंय, 'त्या दिवशी मी टायरवरून हात फिरवला होता, पण नीट फिरवला नसणार. दोष माझा आहे. माझा शिकवण्याचा परवाना रद्द केल्यास माझी तक्रार नाही.' मी त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही. त्याऐवजी दुसरं निवेदन लिहिलंय, फुग्यापासून डिकीपर्यंत. खाली माझी सही केली आहे आणि तुझ्या सहीची जागा कोरी ठेवली आहे. उद्या संध्याकाळी सहा वाजता मी ते ताईला वाचून दाखवणार आणि गुरुवारी कार्यालयात देणार, तुझ्या सहीसह किंवा सहीवाचून. ते चाकही गाडीत टाकून आण, साहेबांना बघायला लागेल. ताई आपल्याला शिव्या देईल, कदाचित तोंडावर दार लावून घेईल. घेऊ दे. तीन आठवडे झाले, त्या शिव्या ती स्वतःलाच देत बसली आहे. ज्यांच्या आहेत त्यांनी जाऊन त्या घेतल्या पाहिजेत.

तुझाच,
मधला